बोट कोणत्या किनाऱ्यावरून सुटते? मॉरिशसमधल्या एका कॅटमरान सहलीचं प्रकरण

मॉरिशसच्या पॅकेजमध्ये एक ओळ ठरलेली असते: 'फुल डे कॅटमरान क्रूझ, बार्बेक्यू लंचसह.' कॅटमरान म्हणजे दोन होड्या जोडून केलेली रुंद बोट. कधी बेटाचं नाव दिलेलं असतं, कधी तेही नसतं. बोट कोणत्या किनाऱ्यावरून सुटणार, हे तर मी क्वचितच छापलेलं पाहिलं आहे. नाशिकच्या एका कुटुंबाची ऑगस्टमधली सहल बिघडली ती या न छापलेल्या माहितीपायी, असं माझं मत आहे. कुटुंबाच्या लेखी दोष बोटवाल्याचा, टूर कंपनीच्या लेखी समुद्राचा. स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की ऑगस्टमध्ये असंच असतं, यात सांगण्यासारखं काय आहे?

मी त्या बोटीवर नव्हते. टूर मॅनेजरांच्या प्रशिक्षणासाठी अशी प्रकरणं लिहिणं हा माझ्या कामाचा भाग आहे. कुटुंबातल्या मंडळींशी, टूर मॅनेजरशी आणि स्किपरशी बोलून, मोबाइलवरचे व्हिडिओ वेळेनुसार लावून हे लिहिलं आहे. नाव कुणाचंच देत नाही.

गट आणि बेत

सतरा जण. आजी-आजोबांच्या लग्नाची पन्नाशी, म्हणून मुलं, सुना, जावई, नातवंडं अशी सगळी वरात निघालेली. आजी ७४ वर्षांच्या, डाव्या गुडघ्याची वाटी बदललेली. आजोबा माळकरी. सगळ्यांत धाकटा नातू चार वर्षांचा. बुकिंग थोरल्या मुलाने केलं होतं, घरात त्याला सगळे दादाच म्हणतात. १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्या साधल्या होत्या आणि कॅटमरानचा दिवस नेमका १५ ऑगस्टलाच आला होता. उत्तरेकडच्या गॅब्रिएल बेटाच्या पांढऱ्या वाळूवर तिरंगा आणि 'पन्नाशी'चा बॅनर धरून फोटो काढायचा, हे महिनाभर आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेलं. वेळेवर निघता यावं म्हणून अख्खी बोट कुटुंबासाठी घेतली होती.

हॉटेल मात्र पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला. बोट सुटणार उत्तरेच्या ग्राँ बेहून. म्हणजे सकाळी सव्वासातला बसमध्ये बसायचं आणि बेटाचा अर्धा पश्चिम भाग चढून उत्तरेला जायचं. हॉटेलपासून दक्षिणेला अर्ध्या तासाच्या आत रिव्हिएर न्वार आहे. तिथूनही रोज कॅटमरान सुटतात, त्या इल ओ बेनितिए या बेटाकडे जातात आणि जवळजवळ सगळा वेळ ल मोर्न डोंगराच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. मग ग्राँ बे का? कारण स्थानिक एजंटाचा करार ग्राँ बेच्या बोटवाल्याशी होता आणि पुण्याच्या कंपनीने माहितीपत्रकात गॅब्रिएलचा फोटो छापला होता. एवढंच कारण. हॉटेल एकाने ठरवलं, बोट दुसऱ्याने. मधला नकाशा कुणीच उघडला नाही.

ऑगस्ट

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे. आपल्याकडे श्रावण असतो तेव्हा तिथे हिवाळा. 'नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, ऑगस्टमध्ये हवा छान' असं एजंट सांगतात आणि ते खोटं नाही. हवा छानच असते, कोरडी, गार, आकाश निळं. पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षात याच दिवसांत सगळ्यांत जोर धरतात. इतिहासातही या समुद्राने ऑगस्टमध्येच नाव कमावलं आहे. १७४४ साली सेंट जेरान हे फ्रेंच जहाज ईशान्येच्या इल द'आंब्रजवळ प्रवाळभिंतीवर (किनाऱ्याभोवतीच्या प्रवाळाच्या बांधावर) आपटून बुडालं, ते ऑगस्टमध्येच.

वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून बेटाच्या पूर्व आणि दक्षिण बाजू त्याला तोंड देतात. पश्चिमेला मधलं पठार आणि डोंगर आडोसा देतात. सर्वांत उंच शिखर, पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटरचं आहे आणि ते याच नैर्ऋत्य भागात उभं आहे. पूर्वेचं इल ओ सेर्फ वाऱ्याच्या तोंडावर असलं तरी प्रवाळभिंतीच्या आत आहे. तिथे टोपी उडेल, पण पाणी सपाट राहील. उत्तरेची बेटं मात्र भिंतीच्या बाहेर, उघड्या समुद्रात. क्वँ द मिर, इल प्लात, गॅब्रिएल, त्यांच्या पलीकडे इल रोंद. ग्राँ बेहून गॅब्रिएल सुमारे १६ किलोमीटर आणि त्यातला शेवटचा अर्धा टप्पा कुठलाही आडोसा नसलेला.

त्या दिवशीच्या हवामान बुलेटिनमध्ये 'प्रवाळभिंतीबाहेर समुद्र खवळलेला' असं होतं. हिवाळ्यात हे वाक्य इतक्या दिवशी असतं की कुणाचं लक्ष जात नाही. उंच लाटांचा खास इशारा नव्हता, त्यामुळे बोट नेणं नियमात बसत होतं. इंजिनिअर भाच्याच्या मोबाइलवरच्या अॅपमध्ये वारा २० नॉट आणि लाटा २.१ मीटर दिसत होत्या. त्याने तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, खाली चार अंगठे आले. २० नॉट म्हणजे तासाला ३७ किलोमीटर. आणि २.१ मीटर हा आकडा सगळ्यांत मोठ्या लाटेचा नसतो. सगळ्या लाटांतल्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. तासाभराच्या प्रवासात त्याच्या दीडपट, क्वचित जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट भेटायचीच.

धक्क्यावरची पाच मिनिटं

माझ्या दृष्टीने अख्खं प्रकरण सव्वानऊच्या सुमाराला ग्राँ बेच्या धक्क्यावर घडलं. पुढचं सगळं त्याचे परिणाम.

स्किपर बस उतरणाऱ्यांकडे बघत उभा होता. पंचवीसेक वर्षं हे काम करणारा माणूस, माणसांच्या चालीवरून त्यांचा दिवस ओळखणारा. त्याने टूर मॅनेजरला बाजूला घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, काप मालेरचं टोक मागे पडलं की समुद्र खराब आहे. दोन, हवं असेल तर बेटाचा नाद सोडून मों श्वाझीच्या बाजूला, भिंतीच्या आत नांगर टाकतो; पोहा, जेवा, शिडावर एक फेरी मारू, तीनला परत. बोट तीच, जेवण तेच, पैसे तेच.

टूर मॅनेजर तिशीतला, हुशार, कामात चोख मुलगा. तो कुटुंबाकडे आला आणि म्हणाला, "आज समुद्र जरा हलता आहे, गोळ्या घेऊन ठेवा." दुसरी गोष्ट त्याने सांगितलीच नाही.

का नाही सांगितली, हे मी त्याला तीनदा निरनिराळ्या तऱ्हेने विचारलं. उत्तर कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच खरं आहे. माहितीपत्रकातलं ठिकाण बदलायचं तर कंपनीच्या नियमाप्रमाणे सगळ्या प्रौढ प्रवाशांच्या सह्या लागतात आणि ऑफिसची परवानगी लागते. पुण्यात तेव्हा पावणेअकरा वाजले होते, पण १५ ऑगस्टची सुट्टी. इमर्जन्सी नंबर होता. पण 'समुद्र हलतोय' ही इमर्जन्सी कशी म्हणायची? आणि आदल्याच महिन्यात दुसऱ्या एका गटाचं ठिकाण वगळल्याबद्दल त्याच्या एका सहकाऱ्याचा बोनस कापला गेला होता. ज्या कंपनीत ठिकाण गाळलं तर शिक्षा होते आणि वाईट समुद्रात नेलं तर होत नाही, तिथला माणूस समुद्रातच नेणार.

स्किपरबद्दलही माझी तक्रार आहे. त्याला समुद्र कळत होता, समोरची माणसं दिसत होती, तरी त्याने निर्णय गिऱ्हाइकाकडे सरकवला. 'जायचं का?' हा प्रश्न सुट्टीवर आलेल्या सतरा जणांना विचारला तर उत्तर एकच येतं, मग तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचो की अर्धा. भाड्याने घेतलेली अख्खी बोट ही इथे आणखी एक अडचण ठरली. तिकिटं काढून वेगवेगळी माणसं बसलेली असती, तर तो स्वतःच ठरवून मोकळा झाला असता. एकाच कुटुंबाने बोट घेतली की कुटुंबप्रमुख मालकासारखा वागतो आणि स्किपर ड्रायव्हरसारखा.

आजींना कुणी काही विचारलं नाही. पन्नाशी त्यांची, गुडघा त्यांचा.

बोट उलटत नाही, पण

कॅटमरानबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे: दोन पायांची बोट, रुंद, म्हणून हलत नाही. पहिला भाग बरोबर. दोन अरुंद होड्या आणि त्यांना जोडणारा रुंद डेक, त्यामुळे ती एका अंगाला कलत नाही, ग्लास टेबलावरून घसरत नाही आणि उलटणं तर फारच अवघड. शांत पाण्यात म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीची बोट नाही. पण स्थैर्य वेगळं आणि आराम वेगळा. एका सांगाड्याची बोट लाटेवर सावकाश डोलते, पाळण्यासारखी. कॅटमरानची डावी होडी लाटेवर चढते तेव्हा उजवी खळग्यात असते, क्षणात उलट होतं. डोलण्याऐवजी हिसके बसतात. त्यात लाट मधल्या डेकच्या पोटाला खालून आपटली की असा आवाज येतो की नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी फुटलं.

लाटा समोरून किंवा मागून आल्या तर हे कमी होतं. बाजूने आल्या तर सगळ्यांत जास्त. आता नकाशा पाहा. ग्राँ बेहून गॅब्रिएलकडे जाताना तोंड उत्तर-ईशान्येला असतं आणि वारा, लाटा आग्नेयेकडून. म्हणजे लाटा उजव्या बरगडीवर. येताना तोंड उलटं, लाटा डाव्या बरगडीवर. जातानाही तेच, येतानाही तेच. या बेटाची ही भानगड कुठल्याही माहितीपत्रकात नसते, पण होकायंत्र आणि नकाशा घेऊन दोन मिनिटांत कळते.

साडेनऊला निघाले. पहिला पाऊण तास मजेत गेला, कारण मुख्य बेटाचा आडोसा होता. पोरं पुढच्या जाळीवर पालथी पडून खालचं पाणी बघत होती. गाणी झाली. क्वँ द मिरच्या कड्यापाशी पांढरे, लांब शेपटीचे पाय-आँ-क्यू पक्षी दिसले. तोच पक्षी एअर मॉरिशसच्या विमानांच्या शेपटीवर असतो. साडेदहाच्या व्हिडिओत सगळे हसताहेत. १०.५२ च्या व्हिडिओत फक्त समुद्र आहे, तिरका, आणि मागून कुणीतरी "पिशवी दे, पिशवी" म्हणतंय.

सात जणांना उलट्या झाल्या. गोळ्या घेतल्या होत्या, पण बोटीत पाय ठेवताना. उलटीवरची गोळी निघण्याआधी तास-दोन तास पोटात जायला हवी. हे टूर मॅनेजरने बसमध्ये सांगायचं होतं, आणि लहान मुलांचं व इतर औषधं चालू असलेल्या म्हाताऱ्यांचं त्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवायला हवं होतं. शिवाय ज्यांना मळमळायला लागलं ते आपोआप केबिनमध्ये जाऊन आडवे झाले. तिथे क्षितिज दिसत नाही, डिझेलचा वास असतो, त्रास दुप्पट होतो. मागच्या बाजूला, मधोमध, वाऱ्यावर बसायचं आणि लांब जमिनीकडे बघायचं. एका सुनेने आपण होऊन तेच केलं, पदरात आलेपाकाच्या वड्या घेऊन. तिला काहीही झालं नाही. आजीही तिच्याशेजारी होत्या आणि त्याही ठणठणीत होत्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचा अपघात चक्कर आल्यामुळे झाला असं कंपनीने नंतर लिहून टाकलं.

मागची पायरी

गॅब्रिएलला धक्का नाही. दुकान नाही, स्वच्छतागृह नाही, जीवरक्षक नाही. इल प्लात आणि गॅब्रिएल यांच्यामधल्या उथळ, निळ्या पाण्यात बोटी थांबतात आणि डिंगीतून, म्हणजे छोट्या रबरी होडीतून, माणसं वाळूवर सोडली जातात. दोन बेटांमधल्या अरुंद वाटेत ओढ जबरदस्त असते, तिकडे पोहायला जाऊ देत नाहीत. आत पाणी बरंच शांत होतं, पण बेटाला वळसा घालून येणारी उसळी त्या दिवशी तिथेही पोचत होती.

कॅटमरानच्या दोन्ही होड्यांना मागे पायऱ्या असतात, शेवटची पायरी पाण्याच्या पातळीला. डिंगी तिथे येऊन टेकते. बोट वर जाते तेव्हा डिंगी खाली, डिंगी वर येते तेव्हा पायरी खाली. दोन्ही एका पातळीत येण्याचा क्षण येतो आणि जातो. खलाशी त्या क्षणाची वाट बघतो, माणसाचं मनगट धरतो, माणसाने त्याचं मनगट धरायचं, आणि तो "आता" म्हणाला की एक पाऊल. हात हातात धरला तर ओल्या बोटांतून सुटतो, म्हणून मनगट.

पोरं आणि तरुण मंडळी दोन खेपांत गेली. तिसऱ्या खेपेला आजी. खलाशाने मनगट धरलं, नजर पाण्यावर. आजींच्या दुसऱ्या हातात पर्स होती, ती त्यांनी सोडली नव्हती, त्यात औषधं होती. डिंगी वर येत होती. खलाशाने अजून "आता" म्हटलं नव्हतं, तेवढ्यात डिंगीत आधीच बसलेला जावई उठून उभा राहिला आणि "या आई, या" म्हणत त्याने त्यांचा दंड धरून आपल्याकडे ओढलं. तो उभा राहिल्याने डिंगी त्या बाजूला दबली. खलाशी मागे धरून, जावई पुढे ओढून. आजींचा नवा गुडघा वाकला नाही, त्या डिंगीच्या रबरी कडेवर आडव्या पडल्या आणि पर्सचा हात खाली आला.

व्हिडिओ आहे. मी तो प्रशिक्षणात दाखवत नाही, कुटुंबाने तशी विनंती केली आहे. पण त्यातून जे कळतं ते सांगते: कुणीही निष्काळजी नव्हतं. जावयाच्या चेहऱ्यावर फक्त काळजी आहे. आपल्याकडे म्हातारं माणूस पायरी उतरायला लागलं की चार हात पुढे होतात, हा आपला स्वभाव. बोटीवर एकाच माणसाचा हात असला पाहिजे आणि बाकी सगळ्यांनी बसून राहिलं पाहिजे, हे आधी स्पष्ट आवाजात सांगावं लागतं. सुरक्षेच्या सूचनांमध्ये लाइफ जॅकेट कुठे आहेत, बार कधी उघडणार, प्रवाळाला हात लावू नका, हे सगळं सांगितलं होतं. डिंगीबद्दल एक वाक्य नव्हतं.

उजवं मनगट सुजलं. प्रथमोपचाराच्या पेटीत गोल पट्टी होती, आधाराची फळी नव्हती. एका सुनेने मासिकाची गुंडाळी हाताखाली धरली आणि ओढणीची झोळी गळ्यात बांधली. काम उत्तम झालं.

चूल

इथे थोडं थांबून जेवणाबद्दल सांगते, कारण कुटुंबाच्या तक्रारपत्रात अपघाताहून मोठा परिच्छेद त्याच्यावर आहे.

मागच्या डेकवर एकच जाळी. तिच्यावर चिकन, सॉसेज, मासा. सात शाकाहारी आधी कळवलेले होते आणि त्यांच्यासाठी भाज्या, पनीर, बटाटे ठेवलेले होते. मॉरिशसमध्ये 'व्हेज' समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या हिंदू घरांत सणावाराला मांसमच्छी वर्ज्य करून उपास पाळतात, त्याला 'कारेम' म्हणतात, आणि बोटीवरच्या अर्ध्या लोकांना ते घरूनच माहीत असतं. प्रश्न होता जाळीचा. आजोबांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, मला भूक नाही.

खलाशाने ते ऐकलं नाही, पाहिलं. त्याने कोळसा एका कडेला सारला, नवं फॉइल दुहेरी अंथरलं, त्यावर वेगळं पातेलं चढवलं, चिमटा धुऊन घेतला आणि आजोबांना बोलावून दाखवला. आजोबांनी मान डोलावली. मग कळलं की हा मुलगा कॅस्कावेलचा, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकच्या हॉटेलशेजारच्याच गावचा, मराठी वस्तीतला. पणजोबांचे पणजोबा रत्नागिरीकडून आले असं घरात सांगतात. मराठी त्याला शाळेत शिकलेली तेवढी येते, पण गणपतीत झाकरी, म्हणजे तिथल्या मराठी लोकांचा नाच, नाचतो. गॅब्रिएलविषयीही त्यानेच सांगितलं. १८५६ साली कोलकात्याहून आलेल्या दोन जहाजांवरच्या मजुरांना कॉलऱ्याच्या भीतीने या बेटावर उतरवून ठेवलं, अन्नपाण्याची आणि निवाऱ्याची धड सोय नाही, शेकडो मेले. त्यानंतर भारतातून मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ बंद करावं लागलं. शेजारच्या इल प्लातवर दीपगृह त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ साली उभं राहिलं होतं. टूर मॅनेजरच्या माहितीत यातलं काहीही नव्हतं, 'प्रायव्हेट बीच फील' एवढंच होतं.

पातेलं उतरायच्या आत स्किपरने निघायचं ठरवलं.

परतीचा निर्णय

बारा वाजून गेले होते. किनाऱ्यावर पोरं नुकती पाण्यात शिरली होती, बॅनर अजून उघडलाही नव्हता. दादाचं म्हणणं, आई बरी आहे, बसली आहे, अडीचला निघू, ठरल्याप्रमाणे. टूर मॅनेजरचंही तेच. स्किपर या वेळी विचारायच्या भानगडीत पडला नाही. दुपारी वारा वाढतो, परतताना पुन्हा आडव्या लाटा, आणि दुखरा हात घेऊन बसलेल्या माणसाला प्रत्येक हिसका मनगटात लागतो. शिवाय सात जण आधीच रिकाम्या पोटाचे. त्याने ग्राँ बेच्या तटरक्षक चौकीला रेडिओवरून कळवलं, डिंगी पाठवून सगळ्यांना बोलावलं आणि पावणेएकला नांगर उचलला. फोटो दोन मिनिटांत उरकला, आजींशिवाय. (मॉरिशसच्या तटरक्षक दलाचं प्रमुखपद भारतीय नौदलातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्याकडे असतं, हे कळल्यावर भाच्याने थेट त्यांनाच फोन लावायचं सुचवलं होतं. ते कुणी ऐकलं नाही हे बरं झालं.)

येताना स्किपरने सरळ रेघ धरली नाही. आधी थोडं पूर्वेकडे चढून लाटा जवळजवळ तोंडावर घेतल्या, मग वळून त्या मागच्या कोपऱ्यावर घेत आडोशाकडे उतरला. अंतर वाढलं, वेळ वीसेक मिनिटं जास्त लागला, पण येताना उलटी एकालाच झाली. सकाळी हेच का केलं नाही, या माझ्या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं: सकाळी वेळापत्रक होतं, बेटावर किती तास मिळाले हे लोक मोजतात.

उत्तरेतल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे झाला. मनगटाचं हाड तडकलेलं, जागचं हललेलं नव्हतं. प्लास्टर घातलं. प्रवास विमा होता, खर्च मिळाला, पण त्यासाठी बोटीकडून घटनेची लेखी नोंद लागली आणि ती मिळवायला टूर मॅनेजरला दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राँ बे गाठावं लागलं. धक्का सोडण्यापूर्वी नोंद, वेळ आणि सही घ्यायची, हे आता आमच्या यादीत आहे.

पश्चिम किनारा

दोन दिवसांनी दादाने स्वतःच्या खिशातून पश्चिमेची बोट ठरवली, अकरा जणांसाठी. वारा तेवढाच होता. ल मोर्नच्या पलीकडच्या अंगाला काइटसर्फर (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी चालवणारे) उड्या मारताना दिसत होते, म्हणजे बघा. पण बोट जवळजवळ सगळा वेळ आडोशाला किंवा भिंतीच्या आत. कुणालाही काही झालं नाही, उलट दोघांची तक्रार होती की शीड उघडलंच नाही, इंजिनवरच नेलं.

पश्चिमेची जाहिरात करायचा माझा हेतू नाही. हिवाळ्यात दक्षिण महासागराकडून येणारी लांब उसळी तामारँच्या उपसागरात शिरते, तिथे सर्फिंग चालतं ते उगाच नाही. सकाळी डॉल्फिनमागे दहा-दहा बोटी धावतात ते दृश्य मला तरी बघवत नाही. बेनितिएची वाळू गॅब्रिएलइतकी पांढरी नाही आणि दुपारी तिथे जत्रा भरते. तरुण गट असेल, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल, तर मी डोळे झाकून उत्तरेला पाठवीन, गॅब्रिएलसारखं दुसरं काही मॉरिशसमध्ये नाही. पण जून ते सप्टेंबर, गटात सत्तरीपुढचं माणूस किंवा शाळेत न जाणारं मूल, आणि हॉटेल पश्चिमेला, असं तिन्ही जुळून आलेलं असताना ग्राँ बेची बोट देणं हा शुद्ध आळस आहे.

हिशेब

कुटुंबाने पूर्ण दिवसाचे पैसे मागितले. बोटवाल्याचं म्हणणं, बेटावर नेलं, बोट लवकर आणली ती तुमच्याच माणसासाठी. कंपनीने 'सागरी परिस्थितीनुसार बदल' हे कलम दाखवलं. मी दोन्ही बाजूंना सांगितलं की ते कलम इथे लागूच होत नाही, कारण परिस्थितीनुसार बदल करायची संधी सव्वानऊला होती आणि ती प्रवाशांपर्यंत पोचवली गेली नाही. शेवटी कंपनीने पश्चिमेच्या बोटीचा खर्च दादाला परत दिला. उरलेल्या रकमेवर पत्रव्यवहार अजून चालू आहे. टूर मॅनेजरवर कारवाई होऊ नये असं मी लिहून दिलं होतं, ते मात्र त्यांनी मानलं.

नियमही बदलला आहे. ठिकाण गाळण्यासाठी आता सह्यांची गरज नाही, स्किपरने पर्याय सुचवला तर टूर मॅनेजरने तो सगळ्यांसमोर, स्किपरला शेजारी उभं करून सांगायचा. कोटेशनमध्ये बेटाच्या नावापुढे किनारा आणि महिना लिहायचा असंही मी सुचवलं होतं. विक्री विभागाने ते अडवून धरलं आहे. त्यांचं म्हणणं, 'ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला' असं छापलं तर समोरचा माणूस ते न छापणाऱ्या कंपनीकडे जाईल. त्यात तथ्य आहे.